भेसळ आणि मिश्रण



मागच्या लेखानंतर बरेच दिवस गेले. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग थेंब घालण्याचं वेळापत्रक, आणि कॉम्प्युटरकडे बघायचं नाही असा लेकीचा फोनवरून हुकूम. आता सगळं ठीक आहे.

आजचा विषय वाचून आमच्या नात्यातले काहीजण नाक मुरडणार हे मला माहीत आहे. बत्तीस वर्षं मराठी शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईने वाइनवर लिहायचं म्हणजे काय! पण वाचून तर बघा. यात वाइन थोडी आणि इतिहासच जास्त आहे.

2018 साली मी फ्रान्समध्ये तुलूझला लेकीकडे अडीच महिने राहिले. एका रविवारी जावयांनी जेवणाच्या टेबलावर एक बाटली उघडली. मिनेर्व्हुआ नावाच्या भागातली, लाल, ड्राय. "आई, एक घोट घेऊन बघा, नाही आवडली तर सोडून द्या." घेतला. आधी वाटलं, हे औषध आहे की काय. कारण गोडवा नाहीच! आपल्या डोक्यात द्राक्ष म्हणजे गोड. 'ड्राय' म्हणजे द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबताना संपलेली, एवढा साधा अर्थ मला त्या दिवशी कळला. दुसऱ्या घोटाला जीभ आखडली, जांभूळ खाल्ल्यावर आखडते तशी. म्हणजे तुरट. आपल्याकडे सहा रसांत तुरटाला मानाची जागा आहे, त्यामुळे मला ते परकं वाटलं नाही. आणि तिसऱ्या घोटाला, थट्टा करू नका, मला चक्क काळी मिरी लागली.

जावई म्हणाले, "बरोबर! ती सिराहची." मग त्यांनी सांगितलं की या बाटलीत एक नाही, तीन-चार जातींच्या द्राक्षांची वाइन एकत्र केलेली असते. ग्रनाश नावाचं द्राक्ष उष्णता आणि अंग देतं. त्याची साल पातळ, रंग बेताचा, पण साखर भरपूर, म्हणून मद्यार्क जास्त. सिराह काळाभोर रंग आणि मिरी देतं. (मिरीत जे सुगंधी द्रव्य असतं तेच या द्राक्षाच्या सालीत असतं हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. माझी जीभ खोटी नव्हती!) मूरव्हेद्र उशिरा पिकणारं, कातड्यासारख्या वासाचं. आणि जुनं कारिन्याँ, आंबट आणि तुरट, एकट्याने प्यायला कठीण, पण मिश्रणाला कणा देणारं. वरून त्या माळरानावरच्या रानटी झुडपांचा, थाइम आणि रोझमेरीचा वास येतो म्हणतात. तो मला काही आला नाही.

मी विचारलं, "मग हे मिश्रण म्हणजे भेसळच की!" जावई हसले. पण माझा प्रश्न गमतीचा नव्हता. गावी दुधात पाणी आणि पाण्यात दूध बघितलेली मी बाई. चार ठिकाणचं एकत्र केलं की संशय येणारच. आणि पुढे वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की दक्षिण फ्रान्सच्या लोकांनी याच प्रश्नावर गोळ्या खाल्ल्या आहेत.

त्या सुट्टीत आम्ही नारबॉनला गेलो. तिथल्या चौकात, टाउन हॉलच्या समोर, जमीन खणून एक चौकोन उघडा ठेवलेला आहे आणि त्यात खाली रोमन काळातल्या रस्त्याचे दगड दिसतात. इसवी सनापूर्वी 118 साली रोमनांनी हे गाव वसवलं, इटलीहून स्पेनकडे जाणारा रस्ता इथून नेला, आणि त्यांच्याबरोबर द्राक्षाचे मळे आले. माझ्यासारखीला तो चौक सोडवेना. लेक कंटाळून आइसक्रीम खायला गेली. मला तेव्हा ठाऊक नव्हतं की मी बघत होते त्याच टाउन हॉलवर 1907 साली काळा झेंडा लागला होता आणि याच भागात लष्कराने गोळीबार केला होता. परत आल्यावर वाचलं, आणि मग वाचतच गेले.

या प्रांताला लांगदोक म्हणतात. ज्या भाषेत 'हो'ला 'ओक' म्हणतात त्या भाषेचा मुलूख. उत्तरेच्या फ्रेंचपेक्षा भाषा वेगळी, ऊन वेगळं, वारा वेगळा. सतराव्या शतकात रिके नावाच्या माणसाने तुलूझपासून समुद्रापर्यंत कालवा काढला (1666 ते 1681, लांबी 240 किलोमीटर), तेव्हा इथला माल बाहेर जायची सोय झाली. पण खरी उलथापालथ रेल्वेने केली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इथून पॅरिसपर्यंत गाडी धावू लागली आणि उत्तरेच्या कारखान्यांतल्या लाखो मजुरांना स्वस्त लाल वाइन लागू लागली. मग गहू गेला, मेंढ्या गेल्या, आणि जिकडे तिकडे द्राक्ष. एकच पीक. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला यातला धोका लगेच कळेल.

आणि मग तो किडा आला.

फिलॉक्सेरा. माव्याच्या जातीचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा. अमेरिकेतून रोपांबरोबर आला. 1863 च्या सुमारास ऱ्होन नदीकाठच्या गार जिल्ह्यात वेली कारण न कळता वाळू लागल्या. जुलै 1868 मध्ये माँपेलिएच्या शेतकी मंडळाने पाठवलेल्या तिघांची समिती मळे बघत फिरत होती. मेलेल्या वेली उपटून बघितल्या तर मुळांवर काहीच नाही. मग त्यांनी अजून हिरवी असलेली, नुकती आजारलेली वेल उपटली, आणि मुळांवर पिवळ्या किड्यांचे थवे! किडा मेलेल्या वेलीवर थांबतच नाही, शेजारच्या जिवंत वेलीवर जातो. या तिघांतले प्लाँशाँ हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. माँपेलिएच्या रेल्वे स्टेशनसमोरच्या बागेत त्यांचा पुतळा आहे, आणि त्याच्या पायाशी एक द्राक्षवाला. प्राध्यापकाचा पुतळा शेतकऱ्यासह! मी मुद्दाम फोटो काढून घेतला.

सरकारने उपायासाठी तीन लाख फ्रँकचं बक्षीस लावलं. ते शेवटपर्यंत कुणालाच मिळालं नाही. उपाय मात्र सापडला: ज्या अमेरिकेतून किडा आला तिथल्याच रानवेली त्याला दाद देत नाहीत, तर त्यांचा खुंट घ्यायचा आणि वर फ्रेंच जातीचं कलम बांधायचं. पण तोवर फ्रान्समधलं वाइनचं उत्पादन 1875 च्या साडेआठ कोटी हेक्टोलिटरवरून 1889 मध्ये अडीच कोटींच्याही खाली आलं होतं.

इथे थोडं थांबून घरचं सांगते. माझा धाकटा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्ष करतो. त्याला मी हे सगळं फोनवर सांगत होते तर तो म्हणाला, "ताई, मग आपलं डॉगरिज काय आहे?" त्याची थॉमसनची बाग डॉगरिज खुंटावर कलम केलेली आहे. आपल्याकडे तो खुंट खारट पाण्यासाठी आणि पाण्याच्या ओढीसाठी लावतात, किड्यासाठी नाही, पण मूळ तेच, टेक्सासची रानवेल. भुरी आणि डाउनी हे दोन्ही रोगसुद्धा त्याच शतकात अमेरिकेतून फ्रान्सला गेले, आणि डाउनीवर तिथे 1885 मध्ये चुना-मोरचूदाचा उपाय निघाला, तो बोर्डो गावाच्या नावाने आजही आमच्या भावाच्या ड्रममध्ये ढवळला जातो. मला चाळीस वर्षं माहीत असलेल्या शब्दाचा उगम असा सत्तरीत कळतो!

असो. पुन्हा लांगदोक.

किड्याने नुसते मळे मारले नाहीत, मळ्यांची जागा बदलली. पूर्वीच्या चांगल्या वेली डोंगरउतारावर, खडकाळ जमिनीत होत्या. पण नव्याने कलमं लावायला पैसा लागतो, तो होता सपाटीवरच्या बड्या जमीनदारांकडे. शिवाय सपाटीवर मळ्यात पाणी भरून किडा बुडवून मारता येत असे, आणि समुद्राकाठच्या वाळूत तो जगतच नसे. म्हणून उतार ओस पडले आणि वाइन मैदानात उतरली. तिथे लावलं आरामों नावाचं द्राक्ष. हेक्टरी तीनशे हेक्टोलिटर आणि वरही रस देणारं! आज चांगल्या नावाच्या वाइनला तिथे साधारण 50 ची मर्यादा असते, यावरून कल्पना करा. आरामोंची वाइन फिकी, पातळ, बेचव. ती विकायची कशी? तर तिला रंग आणि जोर देणारी वाइन तिच्यात ओतायची, आणि ती येई अल्जीरियातून. समुद्रापलीकडच्या त्या फ्रेंच वसाहतीत, किड्याने बुडालेले शेतकरीसुद्धा जाऊन मळे लावत होते.

म्हणजे मिश्रण तेव्हाही होतं! पण ते झाकण्यासाठी केलेलं मिश्रण. आणि खरी भेसळ तर त्याहून वाईट. टंचाईच्या काळात व्यापाऱ्यांनी एक युक्ती शिकून घेतली होती: द्राक्षाच्या चोथ्यावर पाणी आणि साखर घालून पुन्हा आंबवायचं. बेदाणे भिजवूनही 'वाइन' होई. टंचाई संपली, मळे पुन्हा भरले, तरी साखरेची वाइन चालूच राहिली. साखरवाले उत्तरेचे, संसदेत वजन त्यांचं. 1900 नंतर भाव असा कोसळला की काढणीची मजुरी सुटेना.

11 मार्च 1907 रोजी आर्जेलिए नावाच्या खेड्यातून 87 माणसं नारबॉनला चालत निघाली, संसदेच्या चौकशी समितीपुढे गाऱ्हाणं मांडायला. पुढारी मार्सेलँ आल्बेर, गावात कॅफे चालवणारा, थोडी द्राक्षशेती असलेला. त्या दिवशी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पण मग दर रविवारी सभा होऊ लागल्या, आणि आकडे बघा कसे फुगले. मे महिन्यात नारबॉन, बेझिए, पर्पिन्याँ, कार्कासॉन, जूनमध्ये नीम, आणि 9 जूनला माँपेलिए, तिथे पाच लाखांच्या वर माणसं होती असे अंदाज आहेत. जमीनदार आणि मजूर एका सभेत, डावे आणि राजेशाहीवाले एका सभेत. (हे फार दिवस टिकत नाही हे इतिहासाच्या शिक्षिकेने सांगायला नको.) मागणी काय? कर्जमाफी नंतर. आधी एवढंच की द्राक्षाची नसलेल्या गोष्टीला वाइन म्हणू नका.

सरकार हलेना. पंतप्रधान होते क्लेमांसो. नारबॉनचा महापौर फेरूल, पेशाने डॉक्टर, समाजवादी. त्याने राजीनामा दिला आणि टाउन हॉलवर काळा झेंडा लावला. पाठोपाठ शेकडो गावांच्या नगरपालिकांनी राजीनामे दिले. कर भरायचा नाही असं ठरलं. 19 जूनला फेरूलला अटक झाली आणि नारबॉन पेटलं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून सहा माणसं गोळ्यांनी मेली. त्यांत बाजारासाठी गावात आलेली वीस वर्षांची एक मुलगी होती.

सतरावी पायदळ पलटण याच मुलखातल्या पोरांची होती. त्यांना बेझिएहून आग्दला हलवलं होतं. नारबॉनची बातमी कळल्यावर पाचशेच्या आसपास शिपाई दारूगोळा घेऊन रातोरात चालत बेझिएला परतले आणि बंदुकांचे दस्ते वर करून मुख्य रस्त्यावर बसले. आपल्याच आईबापांवर गोळ्या झाडायच्या नाहीत म्हणून! लोकांनी त्यांना खायला-प्यायला दिलं. पुढे त्यांना ट्युनिशियात गाफ्साला धाडलं. आपल्याकडे 1946 साली नौदलाचं बंड झालं, ते मी वर्गात शिकवायचे तेव्हा मुलं एकदम गप्प व्हायची. हे तेव्हा माहीत असतं तर दोन्ही एकत्र सांगितली असती.

आणि आल्बेर? त्याची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. तो लपतछपत पॅरिसला गेला आणि 23 जूनला थेट क्लेमांसोंना भेटला. क्लेमांसो मुरलेले. त्यांनी समजूत घातली, हा भोळा माणूस रडला, आणि परतीच्या गाडीभाड्यासाठी त्यांनी शंभर फ्रँकची नोट दिली ती याने घेतली. क्लेमांसोंनी ते पत्रकारांना सांगितलं. संपलं! ज्याला लोक तारणहार म्हणत होते तो एका दिवसात विकला गेलेला ठरला. 1921 मध्ये तो गरिबीत वारला. शंभर फ्रँक. गरीब माणसाने गाडीभाडं घ्यायचं नाही तर यायचं कसं?

पण कायदा आला. 29 जून 1907 रोजी. प्रत्येकाने किती पीक आलं ते जाहीर करायचं, वाइनसाठीच्या साखरेवर कर. आणि त्याच सप्टेंबरात सरकारने लिहून दिलं की ताज्या द्राक्षाच्या किंवा ताज्या द्राक्षरसाच्या आंबण्यातून झालेल्या पेयालाच वाइन म्हणता येईल. द्राक्षवाल्यांनी आपला संघ काढला आणि भेसळ पकडायला स्वतःची माणसं नेमली.

त्यानंतरची पायरी म्हणजे 'कुठली' वाइन हे खरं सांगणं. शेजारच्या ऱ्होन खोऱ्यात, शातोनफ-द्यु-पाप गावात, 1923 मध्ये बॅरन ल रुआ यांच्या पुढाकाराने द्राक्षवाल्यांनी स्वतःवर नियम घालून घेतले: कुठल्या जमिनीत, कुठल्या जाती, किती मद्यार्क. जमीन कुठली, तर जिथे थाइम आणि लव्हेंडर दोन्ही उगवतात ती, म्हणजे दुसरं काही पिकणार नाही अशी हलकी. (याच गावाने 1954 मध्ये आपल्या मळ्यांवर उडत्या तबकड्या उतरवायला बंदी करणारा हुकूम काढला. खोटं नाही!) 1935-36 मध्ये असले नियम देशाच्या कायद्यात गेले. लांगदोकच्या डोंगरउतारांना मात्र फार वाट बघावी लागली. फितू 1948 ला, फोजेर आणि सँ-शिनियाँ 1982 ला, मिनेर्व्हुआ आणि कोर्बिएर 1985 ला.

आणि तिथे माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं. मिनेर्व्हुआच्या लाल वाइनच्या नियमात मिश्रण हे चालवून घेतलेलं नाही, ते सक्तीचं आहे. एकाच द्राक्षाची वाइन केली तर तिला ते नाव लावता येत नाही. कुठल्या जाती, किमान किती, सगळं लिहिलेलं. जे एके काळी लपवायचं होतं ते आता नियम म्हणून छापलेलं. वस्तू तीच, चार पिंपं एकत्र ओतणं. पण विकत घेणाऱ्याला आणि शेजाऱ्याला सांगून.

मला आधी वाटलं होतं ही चव त्या मातीची, शेकडो वर्षांची. तर तसंही नाही. ग्रनाश, कारिन्याँ, मूरव्हेद्र ही तिन्ही मूळची स्पेनकडची. सिराह ऱ्होनच्या उत्तरेकडचं. मला जी मिरी लागली ती लांगदोकमध्ये मोठ्या प्रमाणावर आली गेल्या पन्नासेक वर्षांत. अल्जीरिया 1962 मध्ये स्वतंत्र झाला, तिकडची वाइन येणं हळूहळू थांबलं, फ्रान्समध्ये लोक साधी वाइन कमी पिऊ लागले, इटलीची स्वस्त वाइन आत येऊ लागली. 4 मार्च 1976 रोजी माँत्रदाँ गावाजवळ द्राक्षवाले आणि पोलीस यांच्यात गोळीबार झाला, एक शेतकरी आणि एक पोलीस अधिकारी मेला. मग युरोपच्या पैशाने मैदानातल्या वेली उपटायच्या आणि उतारावर 'सुधारणा' म्हणून सिराह लावायचं, असं धोरण आलं. आरामों जवळजवळ गेलं. कारिन्याँही बरंच उपटलं, आणि आता त्याच्याच म्हाताऱ्या वेलींची वाइन महाग विकतात. त्या रविवारच्या बाटलीत असा सगळा हिशेब होता.

आता शेवटचं. माझ्या भावाने 2006 साली दीड एकर शिराझ लावलं होतं. शिराझ म्हणजेच सिराह, दुसरं नाव. एका वाइन कंपनीशी करार होता. चार वर्षांनी कंपनीने माल उचलणं थांबवलं. वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, ना बाजारात चालत ना बेदाण्याला. 2011 मध्ये त्याने बाग तोडली. तेव्हा मी तिथे होते. तो बांधावर उभा राहिला नाही, घरात जाऊन रेडिओ लावून बसला.

ऑगस्ट 2025 मध्ये कोर्बिएरमध्ये मोठा वणवा लागला. सोळा हजार हेक्टर जळालं, एक बाई गेली. लेकीने फोन करून सांगितलं, धूर टीव्हीवर दिसत होता. तिथले लोक म्हणत होते की पूर्वी मध्ये मध्ये द्राक्षाचे मळे होते ते आगीला अडवायचे, हिरवे, खालून नांगरलेले. मळे उपटले, तिथे गवत आणि झुडपं माजली, आणि आगीला वाट मिळाली. आणि उपटणं अजून चालूच आहे. 2024 मध्ये सरकारने कायमची वेल काढणाऱ्याला हेक्टरी चार हजार युरो द्यायचं ठरवलं, आणि अर्ज करणाऱ्यांत लांगदोकचे पुष्कळ होते.

गेल्या महिन्यात हे मी भावाला सांगितलं. तो माळकरी आहे, लेकीने पाठवलेल्या बाटलीचं बूच काढून त्याने नुसता वास घेतला होता, "आपल्या शिराझसारखाच आहे गं" म्हणाला होता आणि बूच परत लावलं होतं. चार हजार युरो ऐकल्यावर त्याने विचारलं, "एकरी किती पडले?"

मी कागदावर करून सांगितलं, एक लाख साठ हजाराच्या आसपास.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला तर ट्रॅक्टरचं भाडंसुद्धा घरातून द्यावं लागलं, ताई."